तंबाखूपासून सुटका हे साऱ्या वस्तीचे काम आहे

(वस्तीतील तंबाखूमुक्ती मंडळाच्या सभेत एका वकील बंधूंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर, सभेस येऊ न शकलेल्या वाचकांसाठी देत आहोत.)



आजच्या सभेत मी कायद्यावर बोलावे अशी चालकांची इच्छा आहे. माझा व्यवसाय वकिलीचा असल्यामुळे ती इच्छा योग्यच आहे, आणि कायद्याविषयी मी बोलणारही आहे. परंतु प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कायदा दुकानदाराला रोखू शकतो, जाहिरात बंद करू शकतो, कचेरीत किंवा आगगाडीत बिडी पेटविणाऱ्याला दंड करू शकतो. पण पहाटे डोळे उघडताच ज्याचा हात उशाखालच्या बंडलाकडे जातो, त्याचा हात कायद्याला धरता येत नाही. तो हात धरण्याचे काम घरच्यांचे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आहे. ते काम कसे करावयाचे, हाच आजचा मुख्य विषय आहे.

प्रथम शत्रूचे बळ नीट ओळखू या. २०१६-१७ साली भारत सरकारने प्रौढांच्या तंबाखूसेवनाची देशभर पाहणी केली. त्या पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होते. पुरुषांत हे प्रमाण ३५.५ टक्के आणि स्त्रियांत १७ टक्के होते. यांपैकी ओढणारे अवघे ३.८ टक्के होते. चघळणारे, मळून खाणारे आणि दातांना लावणारे २४.४ टक्के होते. म्हणजे आपल्या राज्यात "मी बिडी-सिगारेट ओढत नाही" एवढ्यावर कोणालाही निर्धास्त राहता येणार नाही. चंचीतली तंबाखू, पानठेल्यावर प्लॅस्टिकच्या कागदावर घोटलेला खर्रा, चुलीवर भाजून केलेली मशेरी, ही सर्व एकाच कुळातली आहेत. भारतात तंबाखूमुळे दरवर्षी तेरा लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

बिडी ओढणारे पुष्कळ बंधू म्हणतात, "सिगारेट वाईट, बिडी पानाची, तिच्यात थोडीशीच तंबाखू." हा समज चुकीचा आहे. तेंदूच्या पानातून हवा सहज खेळत नाही, आणि बिडी विझू नये म्हणून झुरके घाईघाईने व जोराने घ्यावे लागतात. त्यामुळे तंबाखू कमी असूनही डांबरासारखा चिकट मळ आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू सिगारेटपेक्षा अधिक प्रमाणात छातीत उतरतो. क्षयरोगाशी तर धुराचे फार जवळचे नाते आहे. २००३ साली तमिळनाडूतील ४३ हजार पुरुषांच्या मृत्यूंची छाननी करून प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष असा आहे की, भारतातील पुरुषांच्या क्षयाने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे धूम्रपानामुळे घडतात. दाटीच्या चाळीत, एका खोलीत सहा-सात माणसे राहत असताना या वाक्याचा अर्थ काय होतो, हे मी सांगावयास नको.

भगिनींविषयी वेगळे बोलले पाहिजे, कारण त्यांच्याविषयी कोणी बोलतच नाही. मशेरी हे व्यसन आहे असे घरात कोणाला वाटत नाही. दात घासण्याचे ते साधन समजले जाते. पण दिवसातून चार-पाच वेळा दात कोण घासतो? ती तलफ असते. गरोदर स्त्रीच्या मशेरीचा भार तिच्या पोटातील बाळाला वाहावा लागतो. मुंबईत १,२१७ स्त्रियांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू घेणाऱ्या मातांची बाळे इतर बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि दिवस पूर्ण होण्याआधीच प्रसूती होण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक आढळले. आधीच कमी वजनाच्या आपल्या मुलांना हे १०५ ग्रॅम परवडणारे आहेत काय?

आता पैशाचा हिशेब पाहू. वर सांगितलेल्या पाहणीत बिडी ओढणाऱ्याचा महिन्याचा सरासरी खर्च सुमारे २८४ रुपये आढळला. वर्षाचे ३,४०८ रुपये झाले, दहा वर्षांचे चौतीस हजारांवर गेले. आणि हे त्या वेळच्या भावाने. माझ्याकडे पोटगीचे दावे येतात. अशा दाव्यात घरखर्चाचा तपशील मांडताना दूध, शाळेची वही, औषध यांचे आकडे नवरा-बायको दोघेही चटकन सांगतात. बिडी-तंबाखूचा आकडा मात्र कोणीच सांगत नाही, कारण तो खर्च आहे असे कोणी धरतच नाही. जो पैसा हिशेबात येत नाही, तो कोठे गेला याचा जाबही कोणी विचारीत नाही.

एवढे कळत असूनही तंबाखू सुटत का नाही? येथे मला थोडे सविस्तर बोलावयाचे आहे, कारण आपल्या समाजात या प्रश्नाचे एक सोपे व अन्यायाचे उत्तर दिले जाते. "मनाचा दुबळा आहे, दुसरे काय!" असे आपण म्हणतो आणि मोकळे होतो. तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. धुरावाटे ते काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते. मेंदूला त्याची सवय जडली की, ते मिळाले नाही तर जीव कासावीस होतो, चिडचिड होते, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही. हा त्रास पहिल्या तीन दिवसांत सर्वांत अधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतांशी ओसरतो. जो मनुष्य एकटा, कोणाच्याही मदतीशिवाय सोडण्याचा प्रयत्न करतो, त्याची गत काय होते? अशा शंभर प्रयत्नांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे अवघे तीन ते पाच निघतात, असे अनेक अभ्यासांवरून दिसून आले आहे. उरलेले पंचाण्णव जण दुबळे होते असे म्हणावयाचे काय? ते एकटे होते, हे त्याचे खरे कारण आहे. आणि लक्षात घ्या, सरकारी पाहणीत धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी आपल्याला सोडावयाचे आहे असे सांगितले. इच्छा आहे, सोबत नाही.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे नव्याने धम्मदीक्षा घेतलेली आहेत, म्हणून एका शंकेचे निरसन येथेच करतो. पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. तंबाखूचे नाव त्यात घेतलेले नाही. तेव्हा बिडी ओढणाऱ्या उपासकाला "तुझे शील मोडले" म्हणून चारचौघांत हिणविण्याचा अधिकार कोणालाही नाही. तसे हिणविल्याने व्यसन सुटत नाही. माणूस तेवढा सभेला येईनासा होतो. जो पदार्थ शरीर पोखरतो, घरचा पैसा खातो आणि माणसाला दर तासाला आपल्यापुढे हजर व्हावयास लावतो, त्याच्यापासून सुटण्यास त्या माणसाला मदत करणे, हे मैत्रीचे काम आहे. त्यासाठी शीलाच्या शब्दांचा कीस काढण्याची गरज नाही.

सर्वांनी मिळून सवय सोडण्याची गोष्ट आपल्या इतिहासाला नवी नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस आणि मागून आणलेले शिळे तुकडे सोडून देण्याचा उपदेश केला. त्यानंतर गावोगावच्या वस्त्यांनी एकत्र बसून ठराव केले आणि ते पाळून दाखविले. एखाद्याने एकट्याने सोडले असते तर भाऊबंदांनी त्याची टिंगल केली असती. सर्वांनी मिळून सोडल्यामुळे न सोडणाराच वेगळा दिसू लागला. वस्तीचे बळ ते हेच. तंबाखूच्या बाबतीत मात्र एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. येथे शरीराला द्रव्याची सवय जडलेली असते. म्हणून केवळ ठराव पुरे पडणार नाही. ठरावाच्या जोडीला पाठपुरावा हवा आणि जरूर तेथे औषधही हवे.

अशा सामुदायिक कामाचा अनुभव आपल्या देशात आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाने पुणे जिल्ह्यात खेडोपाडी जाऊन १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली व तिचा वृत्तांत १९७२ साली प्रसिद्ध केला. कर्करोग होण्यापूर्वी तोंडात जे पांढरे चट्टे उमटतात, त्यांचा तंबाखूशी असलेला संबंध अशा पाहण्यांतून पक्का झाला. पुढे त्याच संशोधकांनी विचार केला की, नुसते तपासून काय होणार? केरळातील एर्नाकुलम, आंध्रातील श्रीकाकुलम आणि गुजरातेतील भावनगर या तीन जिल्ह्यांत तंबाखू ओढणारे व खाणारे ३६ हजारांहून अधिक लोक त्यांनी निवडले. दरवर्षी घरोघर जाऊन तोंड तपासावयाचे, प्रत्येकाशी समोरासमोर बोलावयाचे, त्याच्याच तोंडातील चट्टा त्याला दाखवावयाचा आणि चित्रे, चित्रपट यांच्या साह्याने समजूत घालावयाची, असा हा क्रम होता. पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाले. असा सल्ला न मिळालेल्या लोकांशी तुलना करता, सल्ला मिळालेल्यांत तंबाखू सोडणाऱ्यांचे प्रमाण अधिक आढळले. आणि एर्नाकुलममध्ये नवे पांढरे चट्टे उमटण्याचे प्रमाणही लक्षात येण्याइतके घटले. ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांत कष्टकरी होते, निरक्षर होते, वर्षानुवर्षे विडी ओढणारे होते. दर वर्षी कोणीतरी दाराशी येऊन आस्थेने विचारपूस करतो, एवढ्या गोष्टीनेही माणसे बदलली.

दुसरे उदाहरण आपल्या विदर्भातील आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था १९८० च्या दशकापासून कार्य करीत आहे. २०१६ साली राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि 'सर्च' यांनी मिळून दारू व तंबाखू कमी करण्यासाठी 'मुक्तिपथ' हा जिल्हाव्यापी उपक्रम हाती घेतला. त्याची रचना अभ्यासण्यासारखी आहे. गावोगावी लोकांच्या संघटना उभ्या करणे, लोकशिक्षण करणे, शासनाकडून कायद्याची अंमलबजावणी करवून घेणे आणि व्यसनी माणसाला उपचार उपलब्ध करून देणे, असे चार पाय त्या उपक्रमाला दिले गेले. कोणत्याही एका पायावर तो उभा नाही. खर्रा विकू नये असे गावाने ठरवावयाचे आणि ज्याला खर्र्याची तलफ येते त्याच्यावर उपचारही करावयाचे, ही दोन्ही कामे एकाच वेळी चालली पाहिजेत. नाहीतर विक्रेता शेजारच्या गावात जातो आणि तलफ असलेला त्याच्या मागे जातो.

गटाने सोडण्याच्या पद्धतीवर जगभर जे अभ्यास झाले, त्यांचा एकत्रित निष्कर्षही हेच सांगतो. केवळ पुस्तिका वाचून स्वतःच्या प्रयत्नाने सोडू पाहणाऱ्यांच्या तुलनेत, गटात बसून सोडणाऱ्यांना यश मिळण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट असते. सल्ल्याच्या जोडीला औषध दिले तर ती आणखी वाढते.

आता आपल्या वस्तीत हे काम कसे चालवावे ते सांगतो. यात पैसा फारसा लागत नाही. नियमितपणा मात्र लागतो.

पहिले काम नोंदीचे. दोन-दोन कार्यकर्त्यांनी घरोघर जावे आणि कोण काय घेतो, किती घेतो, दिवसाची पहिली बिडी उठल्यानंतर किती वेळाने पेटते, आणि सोडण्याची इच्छा आहे काय, एवढेच विचारावे. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला बिडी लागते, त्याची सवय अधिक खोल आहे असे समजावे; त्याला औषधाची गरज पडण्याचा संभव जास्त. स्त्रियांच्या घरी स्त्रीकार्यकर्त्यांनीच जावे. ही वही कोणाला दाखवू नये. ज्याची इच्छा नाही त्याच्याशी वाद घालू नये. दोन महिन्यांनी पुन्हा भेटू म्हणून नमस्कार करून यावे, आणि खरोखरच पुन्हा भेटावे.

दुसरे काम दिवस ठरविण्याचे. ज्यांची इच्छा आहे अशा आठ-दहा जणांचा एक गट करून, दोन आठवड्यांच्या आतला एक दिवस सर्वांनी मिळून निश्चित करावा. त्याच्या आदल्या रात्री घरातील बंडले, काडेपेट्या, चंच्या, मशेरीचे डबे बाहेर काढावेत. "आजपासून कमी करतो" असे म्हणणारा बहुधा महिनाभराने मूळ पदावर येतो. म्हणून ठरलेल्या दिवशी पूर्ण थांबावे, हे बरे.

तिसरे काम पहिल्या तीन दिवसांचे आहे, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे. या तीन दिवसांत गटातील प्रत्येकाला कोणी ना कोणी सकाळ-संध्याकाळ भेटलेच पाहिजे. तलफेचा उमाळा बहुधा पाच-दहा मिनिटांत ओसरतो, हे त्याला वारंवार सांगावे. तेवढा वेळ काढण्यासाठी पाणी प्यावे, चार पावले चालावे, बडीशेप तोंडात टाकावी, कोणाशी तरी बोलत राहावे. सुपारी मात्र देऊ नये. सुपारीनेही तोंडाचा कर्करोग होतो, आणि तंबाखू सोडून सुपारीच्या आहारी गेलेले लोक थोडे नाहीत. चहानंतर बिडी लागते त्याने काही दिवस चहाची जागा बदलावी. ठेल्यावर उभा राहणाऱ्याने घरी चहा घ्यावा. घरच्यांनी या दिवसांत त्याची चिडचिड सोसावी. त्या चिडण्यामागे निकोटीन आहे, मनुष्य नाही, हे पत्नीने व मुलांनी समजून घेतले तर घरात भांडण होत नाही.

चौथे काम साप्ताहिक बैठकीचे. पहिले दोन महिने दर आठवड्याला गटाने तासभर एकत्र बसावे. व्याख्यान देऊ नये. प्रत्येकाने आपला आठवडा कसा गेला, कोठे अडखळलो, कोणती युक्ती उपयोगी पडली, एवढेच सांगावे. एखाद्याने बिडी ओढली असेल तर त्याला बाहेर काढू नये, दंड करू नये, शपथ मोडली म्हणून धिक्कारू नये. पुष्कळांना कायमचे सुटण्यापूर्वी अनेकदा प्रयत्न करावा लागतो. घसरलेल्या माणसाला गटात पुन्हा जागा मिळते की नाही, यावरच गटाचे यश अवलंबून आहे. दोन महिन्यांनंतर महिन्यातून एकदा, असे वर्षभर भेटत राहावे.

पाचवे काम वैद्यकीय साह्याचे. ज्याला त्रास असह्य होतो त्याला दवाखान्यात घेऊन जावे. निकोटीनची चघळण्याची गोळी मिळते. ती थोडी चावून गालात धरून ठेवावयाची असते, पानासारखी सतत चघळावयाची नसते. ती किती व किती दिवस घ्यावी हे डॉक्टरांना विचारावे. गरोदर स्त्रीने आणि हृदयविकाराच्या रोग्याने तर विचारल्याशिवाय घेऊच नये. २००२ साली आपल्या देशात तंबाखू सोडविण्याची १३ केंद्रे सुरू झाली. २००७-०८ मध्ये राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम आखण्यात आला, आणि जिल्हा रुग्णालयांत असे साह्य मिळावे ही त्याचीच योजना आहे. १८००-११-२३५६ या क्रमांकावर २०१६ पासून दूरध्वनीने विनामूल्य सल्ला दिला जातो. १ सप्टेंबर २०१८ पासून हा क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापणे बंधनकारक झाले. ज्या पाकिटातून विष मिळते त्याच पाकिटावर सुटकेचा क्रमांक आहे. तो आपल्या निरक्षर बंधूला वाचून दाखविणे आणि जोडून देणे हे आपल्या तरुणांचे काम आहे.

आता कायद्याकडे वळतो. आपल्या राज्यघटनेचे ४७ वे कलम लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. २१ वे कलम जीविताचा हक्क देते. या हक्काच्या आधारे केरळच्या उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सार्वजनिक जागी धूम्रपान करणे बेकायदा ठरविले. २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुरली देवरा यांच्या याचिकेवर, रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, न्यायालयांच्या इमारती, सार्वजनिक कचेऱ्या आणि आगगाडीसह सार्वजनिक वाहने यांत धूम्रपान बंद करण्याचे आदेश दिले. जो ओढत नाही त्याला दुसऱ्याच्या धुराने का मरावे लागावे, हा त्यामागील साधा प्रश्न होता. २००३ साली संसदेने कायदा केला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागांविषयीचे नवे नियम अमलात आले.

या २००३ च्या कायद्याची दोन कलमे आपल्या वस्तीने पाठ करून ठेवावीत. चौथे कलम सार्वजनिक जागी धूम्रपानास मनाई करते. सहावे कलम अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकण्यास, आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत विक्री करण्यास बंदी घालते. याशिवाय २०१५ च्या बालन्याय कायद्याचे ७७ वे कलम अधिक कडक आहे. वैद्यकीय कारणावाचून मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुटख्यावर महाराष्ट्र शासनाने २०१२ साली बंदी घातली. शाळेजवळ ठेला दिसला तर मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन लेखी अर्ज करा, अर्जाची पोच घ्या, तारीख घाला. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. लेखी तक्रारीला उत्तर द्यावे लागते.

परंतु बंधूंनो, दुकानदाराकडे बोट दाखविण्यापूर्वी आपण आपल्या घरात पाहू या. "बाळ, कोपऱ्यावरून एक बंडल घेऊन ये," असे सांगून आठ वर्षांच्या मुलाला कोण पाठवितो? दुकानदाराने त्याला विकणे हा गुन्हा आहे. आणि पाठविणारा बाप त्या गुन्ह्याची वाट दाखवितो. ज्या मुलाने रोज बंडल आणले, सुटे पैसे मोजले, बापासाठी काडी पेटवून दिली, त्याला पुढे पहिली बिडी कोणी वेगळी शिकवावी लागत नाही. तंबाखू सोडण्याची आज ज्याची तयारी नसेल त्यानेही एवढे एक वचन द्यावे की, यापुढे मुलाला या कामासाठी दुकानात पाठविणार नाही.

दोन आक्षेप नेहमी घेतले जातात, त्यांना उत्तर देऊन मी थांबतो. पहिला असा की, दिवसभर राबणाऱ्या गरिबाला बिडीवाचून दुसरा विसावा कोणता? हा आक्षेप कळकळीचा आहे. त्याला हसून चालणार नाही. पण तो विसावा कसला असतो ते पाहा. तासाभरापूर्वीच्या बिडीने जी बेचैनी मागे ठेवली, ती पुढची बिडी घटकाभर शमविते, एवढेच. सोडल्यानंतर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळजवळ निम्म्यावर येतो, दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका चालू ठेवणाऱ्याच्या निम्म्यापर्यंत उतरतो. राबणाऱ्या माणसाचे भांडवल त्याचे शरीर आहे. ते टिकले तर घर टिकते.

दुसरा आक्षेप बिडी कामगारांचा. भंडारा, गोंदिया, कामठी या भागांत आपल्या कितीतरी भगिनी बिड्या वळून मुले वाढवीत आल्या. कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी १९३० च्या दशकात याच बिडी कामगारांची संघटना बांधली होती. त्यांच्या पोटावर पाय यावा असे कोणाही समंजस माणसाला वाटणार नाही. त्यांना दुसरे काम, त्यांच्या मुलांना शिष्यवृत्ती, त्यांना औषधोपचार मिळावेत यासाठी आपण लढलेच पाहिजे. परंतु एका गरिबाची चूल पेटावी म्हणून दुसऱ्या गरिबाने आपली छाती जाळावी, हा न्याय मला पटत नाही. आणि बिडी वळणाऱ्या भगिनीलाही तो पटणार नाही. तंबाखूची भुकटी दिवसभर तिच्याही श्वासातून आत जात असते.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे की, आजची सभा टाळ्या वाजवून संपू नये. आताच येथे दहा कार्यकर्त्यांची नावे घ्यावीत. त्यांत निदान पाच स्त्रिया असाव्यात. येत्या रविवारपासून घरोघर नोंद सुरू व्हावी. महिनाभरात पहिला गट बसावा. आठ जणांच्या गटातून वर्षाअखेर दोघेच पूर्ण मुक्त झाले, तरी काम फसले असे समजू नये. ते दोघे पुढच्या गटाचे चालक होतील, आणि उरलेले सहा जण पुन्हा बसतील. तंबाखू घेणाऱ्या प्रत्येक बंधूला आणि भगिनीला आज मी एवढेच सांगतो : आपल्याला सोडावयाचे असेल तर आपण एकटे नाही. वहीत आपले नाव लिहा. बाकीचे ओझे वाटून घ्यावयास ही वस्ती आहे.

जय भीम.